मालिकेतली अभिनेत्री आणि गप्पांच्या कार्यक्रमाची सूत्रसंचालिका व्हायचंय? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

सोलापूर शहर, बार्शी, पंढरपूर, अकलूज, करमाळा या भागांतल्या मुली आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ज्या प्रश्नांवर लोक जास्त अडतात तिथे उत्तर लांबलं आहे, बाकीच्या ठिकाणी थोडक्यात आटोपलं आहे.

अभिनय आणि सूत्रसंचालन ही दोन्ही कामं एकाच बाईला जमतात का?

जमतात, आणि जुन्या काळापासून जमत आली आहेत. ठळक उदाहरण तबस्सुम यांचं. १९४४ साली मुंबईत जन्म, तिसऱ्या वर्षापासून हिंदी चित्रपटात बालकलाकार, आणि पुढे १९७२ ते १९९३ अशी एकवीस वर्षं दूरदर्शनवर कलाकारांच्या मुलाखती. ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा तो कार्यक्रम भारतीय टीव्हीवरचा पहिला गप्पांचा कार्यक्रम मानला जातो. उतारवयात त्यांनी यूट्यूबवरही स्वतःचं चॅनल चालवलं. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायच्या, तिथून त्या चित्रपटात गेल्या. आजच्या मराठीत प्राजक्ता माळी मालिकेतून ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’च्या निवेदनाकडे आल्या. सुलेखा तळवलकर अभिनय करता करता यूट्यूबवर ‘दिल के करीब’ हा मुलाखतींचा कार्यक्रम करतात.

कामं मात्र वेगळी आहेत. मालिकेत संवाद लेखकाचे, वागणं पात्राचं, आणि चुकलं तर दुसरा टेक. मुलाखतीत समोरचा माणूस काय बोलेल ते कुणालाच ठाऊक नसतं आणि आड लपायला पात्रही नसतं. चांगल्या अभिनेत्रीला ऐकायची सवय असते, तीच सवय मुलाखतीत कामी येते. पाठांतरावर सगळं निभावून नेणारी अभिनेत्री मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत उघडी पडते.

सुरुवात सोलापुरातूनच करावी की आधी मुंबई गाठावी?

आधी सोलापूर. किमान दोन-तीन वर्षं इथे काम करा. मुंबईत घरभाडं भरत शिकण्यापेक्षा घरी राहून शिकणं केव्हाही परवडतं, आणि शिकायला लागतं ते सगळं इथे आहे.

पहिली जागा म्हणजे हौशी रंगभूमी. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र सोलापुरात आहे. स्पर्धेच्या काही महिने आधीपासून संस्थांच्या तालमी चालू होतात. थेट जाऊन भेटा. पहिल्या वर्षी भूमिकाच हवी असा हट्ट नको. प्रॉम्प्टिंग (विसरलेला संवाद आडून सांगणं), रंगमंच व्यवस्था, ध्वनी, जे देतील ते घ्या. प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मुलीला अख्खं नाटक पाठ होतं आणि दिग्दर्शक कुणाला काय सुधारायला सांगतो ते रोज कानावर पडतं. अभिनेते अतुल कुलकर्णी सोलापूरच्या ‘नाट्य आराधना’ या संस्थेतूनच पुढे गेले आणि १९९५ मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची पदविका घेऊन बाहेर पडले. शशिकला आणि फैय्याज या दोघी अभिनेत्रींचा जन्मही सोलापूरचाच.

दुसरी जागा आकाशवाणीचं सोलापूर केंद्र. हंगामी उद्घोषक-निवेदकांची जाहिरात निघाली की अर्ज करा, त्यासाठी आवाजाची चाचणी असते. नुसत्या आवाजावर श्रोत्याला धरून ठेवण्याचा सराव पुढे कॅमेऱ्यासमोर फार उपयोगी पडतो.

तिसरी जागा लोक कमी लेखतात, पण सूत्रसंचालनाचं खरं शिक्षण तिथेच मिळतं. गणपती-नवरात्रातले मंडळांचे ‘खेळ पैठणीचा’, महिला मंडळांची हळदीकुंकवं, शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं, सोसायट्यांचे कार्यक्रम. माईक अचानक बंद पडतो, पाहुणे तासभर उशिरा येतात, सत्काराच्या यादीत ऐन वेळी सहा नावं वाढतात, एखादी स्पर्धक रुसून बसते. हे सगळं हसतमुखाने सांभाळलेल्या मुलीला स्टुडिओ अवघड जात नाही. मानधन थोडं असलं तरी चालेल, पण प्रत्येक कार्यक्रमाचं पूर्ण चित्रीकरण मागून घ्या आणि घरी बसून पाहा. आपण ‘तर मंडळी’ किती वेळा म्हणतो ते तेव्हाच कळतं.

रिंकू राजगुरूला तर अकलूजमध्येच थेट सिनेमा मिळाला. मग एवढी खटपट कशाला?

रिंकूला दिग्दर्शकाने शोधलं, कारण त्याला त्याच मातीतली, त्याच वयाची, कॅमेऱ्याला न सरावलेली मुलगी हवी होती. चित्रपटात अशी निवड कधीमधी होते. रोजच्या मालिकेला मात्र पहिल्या दिवसापासून सराईत माणूस लागतो, तिथे शिकवायला कुणाला सवड नसते.

सोलापुरी बोलीची अडचण होते का?

बोलीची नाही, ती बदलता न येण्याची होते. ‘काय करलालाव बे’ ही अस्सल संपत्ती आहे. ग्रामीण किंवा सीमाभागातली पात्रं असलेल्या मालिकांत असा लहेजा मुद्दाम मागतात. पण मुंबईतल्या डॉक्टरीणबाईची भूमिका करताना तोच हेल निघाला तर काम जातं. म्हणून दोन्ही हवं, आणि हवं तेव्हा एकातून दुसऱ्यात जाता आलं पाहिजे. घरात तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलणाऱ्या मुलींना ही कसरत लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते, त्याचा फायदा घ्या.

नेमकं कुठे चुकतं? ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो. ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत, तिथेही घोटाळा होतो: ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चारा’मधला ‘च’ वेगळे. वाक्याच्या शेवटी सूर वर चढवायची सवय असते, ती बातमी किंवा निवेदन वाचताना खटकते. रोज पंधरा मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचा, फोनवर ध्वनिमुद्रित करा, आणि ऐकताना चुकलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारा. महिन्याभरात त्याच त्या वीस-पंचवीस शब्दांखाली रेघा दिसतील. मग तेवढेच घोटा.

रीतसर शिक्षण कुठे मिळेल?

जवळचं म्हणजे पुणे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये पदवीनंतर दोन वर्षांचा पडद्यावरच्या अभिनयाचा अभ्यासक्रम आहे. मुंबई विद्यापीठात अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. सगळीकडे प्रवेश परीक्षा आणि निवड चाचणी असते. ‘पंधरा दिवसांत अभिनेत्री व्हा, मालिकेत काम नक्की’ अशी जाहिरात दिसली की दूर राहा. शिकवणारा काम देत नसतो.

पोर्टफोलिओवर किती खर्च करावा?

सुरुवातीला जवळपास काहीच नाही. साधी भिंत, समोर खिडकीचा उजेड, बऱ्यापैकी फोन आणि धरायला मैत्रीण एवढं पुरतं. चेहऱ्याचा जवळून एक, कमरेपर्यंत एक, पूर्ण उंचीचा एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक फोटो काढा. साडी, सलवार-कुर्ता, जीन्स असे तीन पेहराव. फिल्टर नको, जाड मेकअप नको. निवड करणाऱ्यांना खरी त्वचा आणि खरं वय पाहायचं असतं. फोटोत गोरी आणि प्रत्यक्षात सावळी दिसलात तर त्यांचा वेळ गेला म्हणून ते चिडतात. सावळ्या रंगाला नकार नसतो, फसगतीला असतो.

सेल्फ टेप, म्हणजे घरीच चित्रित करून पाठवायची ऑडिशन, कशी करायची? आमची टेप कुणी पाहतच नाही असं वाटतं.

पाहतात, पण अनेकदा पहिले दहा सेकंद. म्हणून आधी तांत्रिक बाजू चोख करा.

फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, चार-पाच फुटांवर. तिपाई नसेल तर कपाटाच्या फळीवर पुस्तकं रचून टेकवा. चौकटीत छातीपासून वर दिसलं पाहिजे आणि डोक्यावर थोडीच जागा राहिली पाहिजे. उजेड समोरून. पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळा पडतो, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक.

मग आवाज. पंखा आणि कूलर बंद. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते जिवावर येतं, म्हणून पहाटे चित्रीकरण करा. शहराच्या पूर्व भागात घराशेजारी यंत्रमाग असतील तर त्यांची खडखड टेपमध्ये संवादापेक्षा मोठी येते, कारण फोनचा माईक समोरचा आवाज आणि भिंतीपलीकडचा आवाज यांत भेद करत नाही. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी किंवा नातेवाइकांच्या शांत घरी जाऊन टेप करा. खोलीत गाद्या, रजया, जाड चादरी पसरल्या की घुमणारा आवाजही कमी होतो. सोलापुरी चादर दोरीवर टांगून पाठीमागे पडदा केला तर एका दगडात दोन पक्षी, फक्त ठळक नक्षी नसलेली चादर निवडा.

आधी ओळख: नाव, वय, उंची, सध्याचं शहर, येणाऱ्या भाषा. मग समोर, डावीकडे, उजवीकडे वळून चेहरा दाखवा, दोन्ही हात पुढे-मागे दाखवा. त्यानंतर प्रसंग. ओळख कॅमेऱ्याकडे पाहून द्यायची, प्रसंग करताना मात्र नजर फोनच्या शेजारी उभ्या असलेल्या, समोरच्या पात्राचे संवाद वाचणाऱ्या व्यक्तीकडे. तिने हळू आणि सपाट वाचायचं, नाहीतर तिचाच आवाज वरचढ होतो. मदतीला आई किंवा भाऊ असेल तर हे आधी समजावून सांगा, घरचे लोक उत्साहात अभिनय करायला लागतात.

नाटकातून आलेल्या मुलींचा नेहमीचा दोष म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज आणि मोठे हातवारे. चार फुटांवरच्या माणसाशी बोलतो तेवढाच आवाज हवा. एकच संवाद तीन वेळा करून पाहा: सभागृहात उभं राहून, खोलीतल्या माणसाशी, आणि फोनवर कुजबुजत. कॅमेऱ्याला लागतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधला.

फाइलला नाव, वय, उंची आणि शहर असं नाव द्या. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे चित्र खराब होत नाही. मग विसरून जा. ‘सर, पाहिलं का?’ असे रोज निरोप टाकले तर पुढच्या वेळी तुमचा नंबर उचलला जात नाही.

ऑडिशनसाठी किंवा भूमिकेसाठी पैसे मागितले तर?

देऊ नका. नोंदणी, कार्ड, ग्रूमिंग, ‘अनामत’, कुठल्याही नावाने मागितले तरी नाही. काम करणाऱ्याला पैसे मिळतात, तो भरत नाही. निर्मिती संस्थेचं नाव विचारा आणि त्या संस्थेच्या अधिकृत पानावरून खात्री करून घ्या. हॉटेलच्या खोलीत, रात्री उशिरा किंवा एकटीने यायला सांगितलेली ऑडिशन ही ऑडिशन नव्हे. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर कराल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता कमी होते.

निवड झाल्यावर पुढे काय?

लूक टेस्ट (पात्राच्या वेशात कशा दिसता ते पाहणं), मग इतर कलाकारांबरोबर नमुन्यादाखल चित्रीकरण, मग वाहिनीची मंजुरी. या तिन्ही पायऱ्यांवर नाव गळू शकतं, म्हणून करारावर सही होईपर्यंत कॉलेज किंवा नोकरी सोडू नका आणि गावभर सांगत सुटू नका. करारात पाच गोष्टी वाचा: रोजचा दर, महिन्याला किमान किती दिवसांची हमी, पैसे किती दिवसांनी, दुसऱ्या वाहिनीवर काम करायला बंदी आहे का आणि किती काळ, आणि सोडायचं असल्यास किती दिवस आधी कळवायचं. ‘पुढे बघू’ असं तोंडी सांगितलेलं काहीही धरून चालू नका. सही करण्याआधी एखाद्या वकिलाला कागद दाखवण्याचा खर्च अवश्य करा.

मालिकेतला एक दिवस कसा असतो?

पाळी बारा तासांची. सकाळी सातची असेल तर मेकअप आणि केस धरून सहाच्या आसपास सेटवर. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटांचा मजकूर असतो. आठवड्याला सहा भाग म्हणजे एकशे तीस मिनिटांच्या वर, जवळजवळ एका चित्रपटाएवढं काम दर आठवड्याला. त्यामुळे प्रसंगाचा कागद बऱ्याचदा त्याच सकाळी हातात पडतो. लवकर पाठ होणं ही इथली पहिली गरज.

चित्रीकरण क्रमाने होत नाही. आधी मास्टर, म्हणजे सगळे दिसतील असा लांबचा शॉट. मग समोरच्याच्या खांद्यावरून, मग क्लोजअप. तोच संवाद चार-पाच वेळा म्हणायचा आणि प्रत्येक वेळी चहाचा कप त्याच शब्दाला उचलायचा. कप आधी उचलला तर संकलनात तुकडे जुळत नाहीत, याला कंटिन्युटी तुटली म्हणतात. बांगड्या किती, पदर कोणत्या खांद्यावर, टिकली कुठे, याचे फोटो सहायक ठेवतो, पण तुम्हीही फोनमध्ये ठेवा. मधल्या भागातला प्रसंग तीन दिवसांनी चित्रित होतो आणि तेव्हा कुणालाच नीट आठवत नसतं.

क्लोजअप समोरच्याचा असतो तेव्हाही तुम्ही उभं राहून पूर्ण जीव ओतून संवाद द्या. त्या वेळी फोन बघत वाचून दाखवणाऱ्या कलाकाराबद्दल सेटवर काय बोललं जातं ते तिच्या कानावर कधीच येत नाही, काम मात्र कमी होत जातं.

भागांचा साठा, म्हणजे बँक, संपत आली की पाळ्या लांबतात. झोप, पाणी आणि घरचा डबा याकडे दुर्लक्ष झालं की दोन महिन्यांत चेहऱ्यावर दिसतं आणि आवाज बसतो.

पैसे कसे मिळतात?

दिवसाप्रमाणे, आणि बहुतेक ठिकाणी काम झाल्यावर साधारण ९० दिवसांनी. जूनच्या कामाचे पैसे सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणून मुंबईला जाताना निदान सहा महिन्यांचं भाडं आणि जेवणखर्च हाताशी हवा, पहिली भूमिका मिळाली असली तरीही. पॅन, बँकेचा रद्द धनादेश आणि दर महिन्याचं बिल वेळेवर द्या. रकमेतून टीडीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापला जातो, विवरणपत्र भरलं तरच जास्तीचा परत मिळतो. रोज किती तास काम केलं, ते तारखेसह वहीत लिहा. मतभेद झाला तर हीच वही उपयोगी पडते. कलाकारांच्या ‘सिंटा’ या संघटनेचं सदस्यत्व घेतलं तर थकबाकीची तक्रार तिथे करता येते.

गप्पांच्या कार्यक्रमाची तयारी कशी करायची?

इथे सविस्तर सांगायला हवं, कारण ‘मला बोलायला आवडतं’ एवढ्या भांडवलावर मुली सूत्रसंचालनाला येतात. लागतं ते ऐकणं.

संशोधन करणारी मंडळी पाहुण्याबद्दल दहा-पंधरा पानांचं टिपण देतात. ते वाचाच, पण पाहुण्याच्या दोन-तीन जुन्या मुलाखती स्वतः पाहा. कोणता किस्सा त्यांनी सगळीकडे सांगितलाय ते कळलं की तो वगळता येतो किंवा त्याच्या पुढचं विचारता येतं. मग वीसेक प्रश्न काढा, त्यातले आठ ठेवा. कार्डावर पूर्ण वाक्य लिहू नका, दोन-तीन शब्द लिहा. पूर्ण वाक्य लिहिलं की डोळे कार्डावर जातात, आणि नेमकं तेव्हाच पाहुणा महत्त्वाचं बोलून जातो.

‘तुम्हाला तेव्हा खूप वाईट वाटलं असेल ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर येतं आणि संपतं. ‘त्या दिवशी घरी गेल्यावर काय केलंत?’ असं विचारलं की माणूस थेट त्या घरात, त्या संध्याकाळी जाऊन पोचतो. एका वेळी एकच प्रश्न. दोन जोडून विचारले की पाहुणा सोप्याचं उत्तर देतो. आणि उत्तर संपल्यावर दोन सेकंद गप्प राहा. ती शांतता भरून काढायचा मोह नव्या सूत्रसंचालिकेला आवरत नाही, पण मनातलं वाक्य बहुधा त्या शांततेनंतरच येतं.

पाहुणा बोलत असताना ‘हो हो’, ‘अच्छा’, ‘बापरे’ असं तोंडाने म्हणू नका. दोन्ही माईकवर आवाज येतो आणि संकलकाला वाक्य कापता येत नाही. दाद मानेने, डोळ्यांनी द्या.

पाहुण्याला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’ ते आधी ठरवा. सेटवरची मैत्रीण असेल तर ‘तू’ छान, पण ज्येष्ठ अभिनेत्रीला अर्ध्या कार्यक्रमात ‘ताई’ आणि अर्ध्यात ‘मॅडम’ म्हटलेलं कानाला खुपतं. दुःखाचे, घटस्फोटाचे, आजारपणाचे विषय असतील तर चित्रीकरणाआधी स्पष्ट विचारा, नको म्हणाल्या तर सोडून द्या. कॅमेऱ्यासमोर कोंडीत पकडून मिळवलेले अश्रू एक दिवस चर्चेत राहतात, पुढचे पाहुणे मात्र यायला कचरतात.

कानात छोटं यंत्र असतं, त्यातून नियंत्रण कक्ष ‘ब्रेक’, ‘दोन मिनिटं’, ‘तो किस्सा विचारा’ असं सांगत राहतो. समोरचं ऐकत कानातलंही ऐकायचं, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. सराव घरी होतो: एका कानात इअरफोन लावून आकाशवाणीच्या बातम्या चालू ठेवा आणि आईशी दहा मिनिटं गप्पा मारा. तिला कळता कामा नये.

टेलिप्रॉम्प्टर (कॅमेऱ्यासमोर ओळी दाखवणारं यंत्र) वाचताना डोळे हलतात, काय करावं?

अक्षर मोठं करा, ओळ छोटी करा आणि यंत्र थोडं लांब ठेवायला सांगा. ओळ रुंद असली की बुबुळं डावी-उजवीकडे फिरताना दिसतात. आणि तुम्ही यंत्रामागे धावू नका, चालवणारा तुमच्या वेगाने ओळी सरकवतो. घाई झाली की आपण त्याला पळवतो आणि तो आपल्याला.

मुलाखतीला इरकल किंवा पैठणी नेसली तर चालेल?

छान दिसेल, पण कोरं रेशीम सळसळतं आणि कॉलरचा माईक ते पकडतो. आदल्या दिवशी नेसून, बसून, हात हलवून पाहा. माईक पदराच्या घडीत दडपू नका, ब्लाउजच्या काठाला लावा, लांब मंगळसूत्र किंवा हार त्यावर आपटणार नाही असा. पाठीमागची बॅटरी परकराच्या नाडीला घट्ट बांधा. काचेच्या बांगड्या एका हातात दोनच. अगदी बारीक चौकडी आणि बारीक रेघा पडद्यावर थरथरतात, त्या टाळा. पाठीमागे हिरवा पडदा असेल तर हिरवी साडी नको, साडीच गायब होते.

मालिका अचानक बंद झाली तर?

होते. टीआरपीचे आकडे दर आठवड्याला येतात आणि वाहिनी त्यावर निर्णय घेते, तुमच्या कामाचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही. म्हणून मालिका चालू असतानाच निवेदन, डबिंग, नाटक यांतलं एक काम धरून ठेवा. करारात बंदी असेल तर वाहिनीची लेखी परवानगी घ्या.

मुलीला एकटीला पाठवायला भीती वाटते.

पहिल्या काही फेऱ्यांना घरचं कुणी बरोबर गेलं तर उत्तम, फक्त खोलीच्या बाहेर थांबावं. राहायला महिला वसतिगृह किंवा काम करणाऱ्या मुलींबरोबरची खोली पाहा. सेटवर त्रास झाला तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं काम करत असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. समितीत कोण आहे, ते कामाच्या पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा.

मुलगी दहा वर्षांची आहे, बालकलाकार म्हणून चालेल का?

कायद्याची चौकट ठरलेली आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीच्या नावे मुदतठेवीत ठेवावा लागतो. शाळा बुडता कामा नये. परवानगीचा कागद स्वतः पाहिल्याशिवाय सेटवर नेऊ नका.

ऑडिशनला सोलापूरहून ये-जा करता येते का?

येते. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सुटते आणि सकाळी मुंबईत पोचते. सकाळी अकराच्या वेळेसाठी तीच बरी. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सुटून दुपारी साडेबाराच्या सुमारास पोचते, म्हणजे दुपारनंतरची वेळ असेल तरच. घोडबंदर रस्त्यावरच्या स्टुडिओंसाठी ठाण्याला उतरा. गोरेगावच्या चित्रनगरीसाठी दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल पकडा. दोन्ही गाड्या या स्थानकांवर थांबतात, तरी निघण्याआधी त्या दिवसाचं वेळापत्रक तपासा. रात्रीच्या प्रवासाने चेहरा सुजतो. उतरल्यावर स्थानकाच्या प्रतीक्षागृहात थंड पाण्याने तोंड धुवा, अर्धा तास चाला, मग केस आणि साडी. परतीचं तिकीट रात्रीच्याच गाडीचं काढा, कारण ऑडिशनच्या रांगेत तीन-चार तास सहज जातात आणि ‘जरा थांबा, अजून एक प्रसंग करून पाहू’ असं म्हणाले तर गाडी सुटेल म्हणून निघून यायची वेळ येऊ नये.